अल्बर्ट हॉवर्ड : इंदूर खतपद्धतीचे जनक

पऱ्हाट्या, तुराट्या, तण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांना कृषिसंशोधनात स्थान मिळवून देणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी काही काळ वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत रुजू झाले.

पत्नी गॅब्रिएल या स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. उभयतांनी पुसा येथे गव्हाचे सुधारित वाण तयार केले. तथापि संस्थेच्या रचनेविषयी त्यांचे मन साशंक होते. एकाच पिकाचा विचार तेथे वनस्पती, कीटक, बुरशी आणि रसायन अशा निरनिराळ्या खात्यांत विभागला जाई. एका बैलजोडीवर संसार चालविणाऱ्या शेतकऱ्याकडे अशी खाती नसतात. जमीन, पीक, जनावर आणि खत हे त्याच्या दृष्टीने एकच गणित असते. हॉवर्ड हे गणित आसपासच्या शेतकऱ्यांकडून शिकले. सुपीक जमिनीतील हिरव्या चाऱ्यावर पोसलेले आपले बैल लाळ-खुरकुताने आजारी असलेल्या जनावरांच्या सहवासातही निरोगी राहिले, अशी त्यांची नोंद आहे. तो काटेकोर प्रयोग नव्हता, आणि पुढे त्यांनी या निरीक्षणावर त्याला पेलवेल त्याहून अधिक भार टाकला, हे मान्य करावे लागते.

सर्व अंगांचा एकत्रित अभ्यास करण्याची संधी त्यांना १९२४ मध्ये इंदूर येथे मिळाली. होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. संशोधन मुख्यतः कापसाचे होते. परंतु संस्थेचे नाव झाले ते खतामुळे. कठीण पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जात. मग खड्ड्यात काडीकचरा, शेण, मूत्रमाती व राख यांचे थर रचून पाणी शिंपडायचे आणि ठरावीक अंतराने तीनदा खालीवर करायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचले जात. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जातो, हे जाणूनच थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविण्याची ही योजना होती.

या कामात यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासह वाड यांचेही नाव आहे. पुढे मात्र पद्धतीचे श्रेय एकट्या हॉवर्ड यांच्याकडे गेले. गॅब्रिएल यांचे १९३० मध्येच निधन झाले होते. त्यांच्या कार्याची उपेक्षाही तेवढीच खेदजनक आहे.

१९३१ मध्ये हॉवर्ड मायदेशी परतले. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरला येऊन ही खतपद्धती पाहिली. आसामातील चहामळ्यांनी आणि केनियातील कॉफीमळ्यांनी ती स्वीकारली. त्यांच्याकडे मजूर होते व काडीकचराही मुबलक होता. लहान शेतकऱ्याची अडचण निराळी होती. पऱ्हाट्या-तुराट्या हेच त्याचे सरपण. त्या खड्ड्यात घातल्या, तर चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न उरतच होता. २० ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमध्ये हॉवर्ड यांचे निधन झाले, तेव्हाही माळव्यातील चुलींत गोवऱ्याच जळत होत्या.