नारायण मल्हार जोशी
नारायण मल्हार जोशी (जन्म : गोरेगाव, कुलाबा जिल्हा, ५ जून १८७९; मृत्यू : ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे एक आद्य नेते होते. ते ना.म. जोशी या नावाने ओळखले जातात. मालक व कामगार यांच्यातील तंटे संघटना, वाटाघाटी आणि कायदा यांच्या आधारे सोडवावेत, असा त्यांचा आग्रह होता.

== सुरुवातीचे जीवन ==
पुण्यात शिक्षण घेतल्यानंतर जोशी यांनी काही वर्षे शिक्षकाचा व्यवसाय केला. १९०९ साली ते भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना करून गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने चालवले.

== कामगार कायदे ==
१९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे ते एक संस्थापक होते. त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या चालकांनी कामगार नेते बी.पी. वाडिया यांच्याविरुद्ध न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. कामगारांना संघटित करणे हाच दावा लावण्याजोगा अपराध ठरत असेल, तर मालकाशी बोलणी कोणी करावीत, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात संघटनांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव मांडला. पुढे १९२६ च्या कायद्याने नोंदणीकृत संघटनांना असे संरक्षण मिळाले. १९२९ च्या औद्योगिक तंटा कायद्याने चौकशी न्यायालये व समेट मंडळे यांची तरतूद केली. मात्र त्यातील संपावरील निर्बंधांना जोशी यांनी विरोध केला.

== १९२८ चा संप ==
मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा चालला. संयुक्त संप समितीत मवाळ जोशी व कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे हे दोघे चिटणीस होते. वेतन व कामाच्या अटींचा वाद फॉसेट चौकशी समितीकडे सोपवून संप मिटला. तथापि, बहुसंख्य कामगार गिरणी कामगार युनियनकडे वळले आणि जोशी अध्यक्ष असलेली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन मागे पडली.

== उत्तरायुष्य ==
१९२९ मध्ये जोशी यांनी शाही कामगार आयोगाचे सदस्यत्व स्वीकारले. या आयोगावर बहिष्कार घालण्याच्या प्रश्नावरून नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली व जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले. १९४० मध्ये ऐक्य झाल्यावर ते पुन्हा तिचे सरचिटणीस झाले. मुंबईतील एक प्रमुख रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.