लीलावतीकार भास्कराचार्य

मांडूच्या दक्षिण कड्यावर रूपमतीचा मंडप आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे तेथून खाली निमाडचा सपाट प्रदेश आणि त्याच्या पलीकडे नर्मदेची रेषा दिसते. नर्मदेपलीकडे सातपुडा, सातपुड्यापलीकडे तापी, आणि तापी ओलांडून दक्षिणेस गेले की खानदेशच्या टोकाला सातमाळ्याच्या पायथ्याशी चाळीसगावजवळचे पाटण लागते. माळव्यातून दख्खनेत उतरणाऱ्या सैन्यांचा आणि व्यापाऱ्यांचा हा मुलूख; विद्याही याच मुलखातून उतरली. पाटण येथील एका शिलालेखात जी वंशावळ कोरलेली आहे, तिच्यातील एका पुरुषाला धारानगरीच्या भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचा उल्लेख आहे. त्या पुरुषाचे नाव भास्करभट्ट. त्याच्या वंशात पाचव्या पिढीत जन्मलेले त्याच नावाचे गणिती म्हणजे लीलावतीकार भास्कराचार्य होत.

वंशावळ अशी : त्रिविक्रमाचा पुत्र भास्करभट्ट, त्याचा गोविंद, गोविंदाचा प्रभाकर, प्रभाकराचा मनोरथ, मनोरथाचा महेश्वर आणि महेश्वराचे पुत्र भास्कराचार्य. भोजाची कारकीर्द अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातली आणि भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला, तेव्हा पिढ्यांचा हिशेब नीट जुळतो. धारचा हा धागा पाहिला की येथील स्तंभावर कोरलेले सर्पबंधही निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटतात. उदयादित्य व नरवर्मा या परमार राजांची नावे असलेल्या त्या आकृत्यांत वर्णमाला आणि धातूंचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत गुंफलेले आहेत. शिकणाऱ्याला रूक्ष विषय धरता यावा म्हणून त्याला आकार द्यावयाचा, ही रीत त्या काळच्या पंडितांना ठाऊक होती. गणिताच्या बाबतीत तेच कार्य भास्कराचार्यांनी केले.

त्यांच्या जन्मग्रामाचे नाव विज्जडविड; ते सह्याद्रीच्या आश्रयाला होते, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. हे गाव कोणते यावर पुष्कळ वाद झाला. कोणी ते कर्नाटकातले विजापूर म्हणतात, तर कोणी पाटणचा परिसर सुचवितात. माळव्यातील रसिकांना भास्कराचार्य उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे ऐकण्याची सवय आहे. परंतु पाटणच्या लेखात त्याला आधार नाही. उज्जयिनी ही आपल्या ज्योतिषशास्त्राची मध्यरेषा, सर्व ग्रहगणित तेथून सुरू व्हावयाचे, आणि त्यावरून गणितीही तेथलाच ठरविला गेला असावा. धारला विद्यापतीच्या पदवीचा जो मान मिळतो, तो पुरेसा आहे.

भास्कराचार्यांचे गुरू त्यांचे वडीलच. महेश्वर स्वतः ज्योतिषी व ग्रंथकार होते. घरात शिकलेले शास्त्र पुढे घरातच शिकविण्याचा वारसा या कुळात निदान सात-आठ पिढ्या अखंड चालला. भास्कराचार्यांची लेखणी वारंवार समोर बसलेल्या शिष्याकडे वळते, त्याचे कारण या घरगुती अध्यापनात असावे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. बीजगणितातील चक्रवाल पद्धत, ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार, गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीविषयी केलेले विवेचन, यांवर जगभरच्या विद्वानांनी लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु घरोघरच्या ओसऱ्यांवर जो ग्रंथ पोचला तो लीलावती. हे पाटीगणित आहे. पाटी म्हणजे धूळ पसरलेली फळी. तिच्यावर बोटाने वा काडीने अंक काढावयाचे आणि पुसावयाचे. ज्या पिढ्यांनी धूळपाटीवर अक्षरे गिरविली, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावयास नको.

ग्रंथाचा आरंभच पाहण्यासारखा आहे. मंगलाचरण होताच कोष्टके येतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग वजने, मग अंगुळे, हात, कोस, योजन. उदाहरणात पुढे जे शब्द येणार आहेत त्यांची ओळख मुलाला आधी करून दिली आहे. त्यानंतर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन, घनमूळ, अपूर्णांक, शून्य. प्रत्येक रीतीला आधी सूत्र आणि लगेच उदाहरण. प्राथमिक शाळेतील शिक्षकाला हा क्रम परका वाटणार नाही.

शाब्दिक उदाहरण समोर आले की पुष्कळ मुले गोंधळतात. बेरीज-भागाकार येत असूनही कोणती क्रिया कोठे करावयाची ते उमगत नाही. अडचण बहुधा अंकांची नसते, वाक्याची असते. भास्कराचार्यांना हे पूर्ण ठाऊक होते, असे त्यांच्या उदाहरणांच्या वर्गीकरणावरून दिसते. कमळांचे उदाहरण घ्यावे. एका भक्ताने कमळांच्या राशीचा तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला; उरलेली सहा कमळे गुरुचरणी ठेवली. तर एकूण कमळे किती? येथे आचार्यांनी इष्टकर्माची रीत दिली आहे. उत्तर ठाऊक नाही ना, मग कोणतीही एक संख्या धरावी आणि उदाहरणात सांगितले तसे तिचे करावे. स्वतः त्यांनी एक ही संख्या धरली. अपूर्णांकांना बिचकणाऱ्या मुलाने साठ धरावे. साठाचा तिसरा भाग वीस, पाचवा बारा, सहावा दहा, चौथा पंधरा, एकंदर सत्तावन्न. उरले तीन. पण उरावयास हवीत सहा. म्हणून सहाला साठाने गुणून तिनाने भागावे. उत्तर एकशे वीस. चुकीच्या अंदाजापासून सुरुवात करून बरोबर उत्तरापर्यंत जाता येते, ही गोष्ट भित्र्या मुलाला केवढा धीर देते! पाटी कोरी ठेवून बसण्याचे त्याला कारणच उरत नाही.

याच्या लगतच एका यात्रेकरूचे उदाहरण आहे आणि ते वरवर अगदी तसेच दिसते. त्याने जवळच्या धनातील निम्मे प्रयागाला दिले, उरलेल्याचे दोन-नवमांश काशीला, उरलेल्याचा चौथा भाग वाटेतील जकातीत गेला, उरलेल्यापैकी सहा-दशांश गयेला. घरी परतला तेव्हा हाती त्रेसष्ट निष्क होते. सारी गोम ‘उरलेल्याचे’ या एका शब्दात आहे. तो शब्द नजरेआड करून मुलाने सगळे भाग मूळ धनाचेच धरले, तर निम्मे, दोन-नवमांश, चौथा भाग आणि सहा-दशांश मिळून खर्च मूळ धनाच्या दीडपटीहून अधिक होतो. यात्रेकरू कर्जबाजारी होऊन परततो. चूक झाल्याचे उदाहरणच ओरडून सांगते. शेवटाकडून मागे चालत गेले तर मार्ग सरळ आहे. त्रेसष्ट हे चार-दशांश, म्हणून त्याआधी साडे एकशे सत्तावन्न. ते तीन-चतुर्थांश, म्हणून त्याआधी दोनशे दहा. ते सात-नवमांश, म्हणून दोनशे सत्तर. आणि ते निम्मे, म्हणून मूळ धन पाचशे चाळीस निष्क. पूर्ण राशीचे भाग आणि शेषाचे भाग यांच्या उदाहरणांना आचार्यांनी निरनिराळ्या जाती मानून त्यांना नावे दिली. चौथी-पाचवीच्या वर्गात या दोहोंतला भेद न कळल्यामुळे जितके गुण जातात, तितके पाढे विसरल्यामुळेही जात नसतील.

क्षेत्रव्यवहारात चित्र काढण्याजोगी उदाहरणे आहेत. तळ्यात एका कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलली आणि दोन हातांवर बुडाली, तर पाण्याची खोली किती? देठ पाण्याच्या पृष्ठाइतकाच लांब नाही, खोलीहून अर्धा हात अधिक लांब आहे, एवढे ध्यानी आले की काटकोन त्रिकोण आपोआप उभा राहतो आणि खोली पावणेचार हात निघते. बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचा शेंडा सोळा हातांवर टेकतो. तो बारा हातांवर मोडलेला असतो. नऊ हातांच्या खांबावर मोर आहे, खांबाच्या तळाशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप त्या बिळाकडे येत आहे. दोघांचा वेग सारखा असता मोर त्याला बिळापासून बारा हातांवर गाठतो. ही उदाहरणे ज्याने कधीतरी सोडविली त्याला मोर आणि साप आठवतात, सूत्र नंतर आठवते. काही उदाहरणांत त्या काळाचे काळे ठसेही आहेत. व्यस्त त्रैराशिकात वयाप्रमाणे उतरणारे स्त्रीचे मोल काढावयास सांगितले आहे, ते आजच्या वर्गात कोणी घालणार नाही, आणि घालूही नये.

ग्रंथाच्या नावाची कथा सर्वांना माहीत आहे. कन्या लीलावती, तिच्या विवाहाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेली घटका, आणि दुःखी कन्येचे नाव अमर करण्याचे पित्याचे वचन. ही कथा फैजीने अकबराच्या आज्ञेवरून इ. स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशे सदतीस वर्षांनी. ज्या अकबराच्या दख्खन-स्वारीचे लेख मांडूच्या नीलकंठात वाचावयास मिळतात, त्याच्याच दरबारात ही कथा लिहिली गेली हा योगायोग मोठा आहे. पाटणच्या लेखात पुत्राचे नाव आहे, कन्येचे नाही. ग्रंथात लीलावतीला संबोधन आहे हे खरे. पण तेथे सख्याला आहे आणि केशराचा भाव विचारताना व्यापाऱ्यालाही आहे. कथा खरी मानण्यास आधार थोडा आहे. ती इतकी टिकली, याचे कारण मात्र ग्रंथाच्या स्वरात आहे. कोणीतरी कोणालातरी प्रेमाने शिकवीत आहे, असे तो वाचताना सतत वाटते.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी पंचांगाच्या गणितासाठी करणकुतूहल लिहिला. मोठ्या सिद्धान्तग्रंथानंतर उतारवयात सोपे, नित्याच्या उपयोगाचे पुस्तक लिहावेसे वाटणे त्यांच्या प्रकृतीला धरूनच होते.

पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेऊन पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा पुत्र चंगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटण येथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये त्या मठाला दान दिले. लेख संस्कृतात आहे. परंतु बाजारातून मठाला काय मिळावे हे सांगताना तो मराठीत उतरतो. गिऱ्हाइकांकडून किती, घाण्यांकडून किती, माप कोणते वापरावे, हे तेल्या-वाण्यांना कळावयास हवे होते. गणिताच्या मठाचा खर्च असा पैशा-मापांच्या बारीक हिशेबावर चालावयाचा होता. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला.

मठ काळाच्या ओघात नाहीसा झाला, ग्रंथ राहिला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून रीतींच्या उपपत्ती दिल्या. १८१६ मध्ये मुंबईस जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर निघाले, पाठोपाठ १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे. मराठीत प्रा. ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ १९७१ मध्ये आले.

यातला माळव्याचा वाटा सिहोरचा. तेथे भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी पाठशाळेत भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्याचा आग्रह धरला. त्यांच्या सहवासातील सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये मराठीत सिद्धान्तशिरोमणिप्रकाश लिहून पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस यांचे भूगोल-खगोल शेजारी शेजारी मांडले. पुढे नगरकडच्या एका ब्राह्मण घरातील मुलगा, ज्याने नागपुरास लीलावती व बीजगणिताचे धडे घेतले होते, त्यास विल्किन्सन यांनी सिहोरला आणले. ते बापूदेव शास्त्री. १८४२ पासून काशीच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले, आणि विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर तपासून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले.