पंजाबराव आणि वऱ्हाडचे कृषी विद्यापीठ

खामगावच्या कापूसबाजारासाठी 1870 साली जलंबपासून लोहमार्ग घातला गेला आणि बुलढाणा जिल्ह्यातील कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे सुकरपणे जाऊ लागला. परंतु तो पिकविणाऱ्याच्या मुलास त्या पिकाचे शास्त्र शिकावयाचे असेल, तर दीर्घकाळ नागपूरच गाठावे लागे. तेथे 1906 साली शेतकी महाविद्यालय निघाले होते. माल जवळचा आणि विद्या दूरची, ही विसंगती ज्यांना जन्मभर सलली, त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख अग्रणी होत.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात 27 डिसेंबर 1898 रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1920 साली ते विलायतेस गेले. एडिंबरो येथे त्यांनी एम.ए. केले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहिला, आणि बॅरिस्टर होऊन 1926 साली ते परतले. वेदांवर प्रभुत्व मिळविलेला हा पंडित दुसऱ्याच वर्षी अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून उभा राहिला, हे सनातन्यांस विशेष झोंबले असल्यास नवल नाही.

1930 साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. हा निव्वळ योगायोग असला, तरी पुढील सारे आयुष्य त्यांनी या दोहोंची सांगड घालण्यातच वेचले. कर्जबाजारी कुळांसाठी 1933 साली कर्जलवादाचा कायदा झाला. अमरावतीस त्यांनी स्थापिलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने खेड्यापाड्यांतील बहुजनांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. 1952 ते 1962 अशी दहा वर्षे ते केंद्रीय मंत्रिमंडळात शेतीचे काम पाहत होते. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापिला, 1959 साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. मंत्रिपदापेक्षा त्यांचे शैक्षणिक कार्य अधिक टिकाऊ ठरले, असेच म्हणावे लागते.

10 एप्रिल 1965 रोजी ते निवर्तले. विदर्भात कृषी विद्यापीठ त्यांच्या हयातीत झाले नाही, आणि नंतरही ते सहजासहजी मिळाले नाही. अकोल्याच्या मागणीसाठी 1967 साली उग्र आंदोलन पेटले. त्यात तरुणांचे बळी गेले. 1968 साली राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ राहुरीस निघाले, आणि त्यानंतर 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यास पंजाबरावांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. बुलढाणा जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला, ती विद्या शेजारच्या जिल्ह्यात आली.

या विद्यापीठाची आद्याक्षरे येथील शेतकऱ्याच्या तोंडी बसली ती समारंभांमुळे नव्हे, पीकेव्ही हायब्रीड-2 हे कपाशीचे वाण आणि गावातल्या गावात तूर भरडणारी पीकेव्ही मिनी डाळ मिल यांमुळे. शिवारफेरीच्या दिवसांत वऱ्हाडातील शेतकरी प्रक्षेत्रावर येतात, ओंब्या-बोंडे हाताळून पाहतात आणि शास्त्रज्ञांस अडचणीचे प्रश्न विचारतात. कोरडवाहू शेतीचे कोडे मात्र सुटलेले नाही. 1990 नंतरच्या दशकांत याच पट्ट्यात झालेल्या आत्महत्या ते सांगतात. आणि मेहकर-लोणारकडून अकोल्याच्या वसतिगृहात आलेली कितीतरी शेतकऱ्यांची मुले मृदाशास्त्राच्या पुस्तकाशेजारी स्पर्धापरीक्षेचे पुस्तक ठेवून रात्री जागत असतात.