'द ममी'मधला व्हिलन इम्होटेप खरंतर इजिप्तच्या पहिल्या पिरॅमिडचा इंजिनिअर होता

'द ममी' पिक्चरमधला इम्होटेप आठवतोय? टकला, रागीट, वाळूच्या वादळातून तोंड वासून येणारा. १९९९ सालच्या या पिक्चरनं त्याला जगभर व्हिलन करून टाकलं. पण या नावाचा खरा माणूस इजिप्तमध्ये होऊन गेला, आणि लोकांनी त्याला चक्क देव मानलं.

गोष्ट साडेचार हजार वर्षांहून जुनी. इजिप्तवर जोसेर राजाचं राज्य होतं. तोवर राजांच्या थडग्यांवर कच्च्या विटांचं सपाट, चौकोनी बांधकाम असायचं. त्याला मस्तबा म्हणतात. देवळं तर लाकूड, बोरू आणि चटयांची. राजा अमर मानला जायचा, पण त्याचं घर काही टिकायचं नाही.

यावर सक्कारा इथं उत्तर सापडलं, ते म्हणजे दगड. याचं श्रेय इम्होटेपला दिलं जातं. आधी दगडाचा मस्तबा बांधला, मग तो वाढवत नेला, आणि शेवटी सहा टप्प्यांचा, सुमारे ६० मीटर उंच पिरॅमिड उभा राहिला.

भोवतालचं काम त्याहून भारी. दगड नवा, पण आकार जुनेच. खांब बोरूच्या जुड्यांसारखे, छत ओंडक्यांसारखं. काही दारं दगडातच अर्धवट उघडी कोरलेली, जी कधी हलणारच नाहीत. अंगणातली देवळं बाहेरून हुबेहूब, आतून मात्र जवळपास भरीव. राजानं मेल्यावरही आपला उत्सव साजरा करत राहावा म्हणून हा सगळा थाट.

१९२६ साली इथंच जोसेरच्या पुतळ्याचा तळ सापडला. त्यावर राजासोबत इम्होटेपचंही नाव कोरलेलं होतं. राजाचा मुद्राधारक, हेलिओपोलिसचा मुख्य पुजारी अशी त्याची पदं. राजाच्या पुतळ्यावर दुसऱ्या कुणाचं नाव येणं, हा फार मोठा मान होता.

पुढं दोन हजार वर्षांनी तो आजार बरे करणारा देव झाला. ग्रीकांनी त्याला आपल्या अस्क्लेपियसच्या जागी बसवलं. गंमत म्हणजे, तो वैद्य होता याचा त्याच्या काळातला एकही पुरावा मिळालेला नाही.

१९६४ पासून वॉल्टर एमरी यांनी सक्काऱ्यात त्याचं थडगं शोधायला घेतलं. हाती लागली ती आयबिस पक्ष्यांच्या ममींनी खच्चून भरलेली भुयारं. १९७१ साली एमरी गेले. राजाचं घर कायमचं टिकवणाऱ्या इम्होटेपचं स्वतःचं थडगं आजही सापडलेलं नाही.