७५ फुटांवरची घंटा

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने एक उद्योग केला. अंबरनाथच्या होस्टेलवर रेडिओ लावला की स्टेशनं कमी आणि खरखरच जास्त ऐकू यायची. हॅम रेडिओचं लायसन्स असलेले आमचे सर बदलापूरला राहतात, तिकडे बरीच शांतता. मग उल्हासनगरच्या मार्केटमधून केबल, कनेक्टर आणले आणि सरांच्या सेटला एक छोटा कॉम्प्युटर जोडून त्यावर हॅमलिब टाकलं. २००० साली सुरू झालेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्यातला एक प्रोग्राम ४५३२ नंबरच्या पोर्टवर हुकमाची वाट बघत बसतो. होस्टेलवरून कॅपिटल एफ आणि पुढे हर्ट्झमध्ये आकडा पाठवला की तिकडे फ्रिक्वेन्सी बदलते! ट्रान्समिट मात्र सरच करतात.

अँटेना फिरवायचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. एका ज्युनियरने त्याचा कोड मागितला. मी सरळ नाही म्हटलं. रात्री जागायचं मी आणि मार्क घ्यायचे त्याने? सर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त जगदीशचंद्र बोसांचं चरित्र हातात ठेवलं. ते पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलंय, १९२० सालचं. गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मला बोस माहीत होते ते फक्त वनस्पतींच्या धड्यापुरते!

बोस १८५८ साली बंगालमध्ये जन्मले. केंब्रिजला शिकून १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. तिथे भारतीय प्राध्यापकाला इंग्रजांच्या दोन तृतीयांश पगार, आणि यांची नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. घरी वडिलांचं कर्ज होतं. तरी या माणसाने तीन वर्षं पगाराला हात लावला नाही आणि शिकवणंही थांबवलं नाही. शेवटी सरकारने पूर्ण पगार मान्य केला, तोही मागच्या बाकीसकट.

धड प्रयोगशाळा नव्हतीच. एका लहानशा खोलीत, गावातल्या कारागिराला शिकवून त्याच्याकडून त्यांनी उपकरणं करून घेतली. त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी तयार केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्यात लोकांसमोर त्यांनी या लहरी भिंतींपलीकडे सुमारे ७५ फूट पाठवल्या. पलीकडे घंटा वाजली, बारूद उडाली. मधे एकही तार नव्हती. आमचा बदलापूरचा सेट म्हणजे त्या घंटेचाच पणतू म्हणायचा.

१८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपलं उपकरण सगळ्यांसमोर उघडं करून दाखवलं. १९०१ मध्ये तिथेच एका कंपनीवाल्याने पेटंट घेऊन नफ्यात वाटा देऊ केला, तो त्यांनी नाकारला. ज्ञान विकायचं नाही, हा त्यांचा नियम. पुढे सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये अमेरिकेत एक पेटंट त्यांच्या नावावर झालं, पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही.

याची किंमत पडली का? पडली. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश ऐकायला जो पाऱ्याचा डिटेक्टर वापरला, त्याचं मूळ बोसांच्या १८९९ च्या निबंधात असल्याचं १९९८ मध्ये एका अभ्यासकाने मांडलं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी! पण मांडता आलं ते कशामुळे? बोसांनी सगळं छापून, उघड ठेवलं होतं म्हणूनच.

पुढे ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट काढली आणि तिथेही शोधांचं पेटंट घ्यायचं नाही असंच ठरवलं. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला ते गेले.

पुस्तक परत करताना मला जरा लाज वाटली. ज्या हॅमलिबवर माझा सगळा डोलारा उभा, ते कुणीतरी फुकट दिलेलं. आणि मी माझ्या दोनशे ओळींवर नाग होऊन बसलेलो! त्याच रात्री ज्युनियरला कोड दिला. पहिल्या ओळीत माझं नाव ठेवलं, तेवढा मोह सुटला नाही. आठवड्याने त्याने कोड परत पाठवला. माझ्या दोन चुका दुरुस्त करून, आणि खाली स्वतःचं नाव घालून.