चिनी मातीची भांडी, नागपूरची गिरणी आणि पाटलीपुत्राचे खांब

6 डिसेंबरच्या आधी भंडारा रोड स्थानकावरून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत आपल्या जिल्ह्यातली माणसे खच्चून भरलेली असतात. चैत्यभूमीवर अभिवादन, शिवाजी पार्कवर पुस्तकांची खरेदी, जमले तर राजगृह, आणि परतीची गाडी. काही तरुण वेळ काढून फोर्टमध्ये बाबासाहेबांनी उभे केलेले सिद्धार्थ महाविद्यालय पाहायला जातात. तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, म्हणजे जुने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती तिथे आहेत, गांधार शिल्पे आहेत. ती आपण डोळे भरून पाहतो. चीन आणि जपानच्या वस्तूंचे दालन आले की मात्र आपली पावले भरभर पडू लागतात. काचेमागची फुलदाणी, पितळेची हंडी, हस्तिदंती बाहुली. श्रीमंतांचे शोभेचे सामान, त्यात आपले काय?

आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटायचे. या संग्रहाचा मोठा भाग ज्यांनी जमवला त्या सर रतन टाटांचे चरित्र वाचल्यावर मत बदलले. बदलले म्हणजे त्या माणसाची आरती ओवाळावी असे वाटले नाही. पण त्या दालनात आपले काहीच नाही, असे आता म्हणवत नाही.

आधी नावाचा घोळ. ऑक्टोबर 2024 मध्ये ज्यांचे निधन झाले ते रतन टाटा हे नव्हेत. जेआरडींचे वडील रतनजी दादाभाई टाटा, तेही हे नव्हेत. आपले सर रतन म्हणजे जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र. जन्म मुंबईत, 20 जानेवारी 1871 रोजी. थोरले भाऊ दोराबजी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. शिक्षण सेंट झेवियर्स महाविद्यालयात, 1892 मध्ये नवाजबाईंशी लग्न, 1896 मध्ये वडिलांच्या पेढीत भागीदारी. दोराबजींना पोलाद, वीज आणि खेळाची मैदाने प्रिय. रतन प्रकृतीने नाजूक, स्वभावाने शांत, ओढा सुंदर वस्तूंकडे.

सुंदर वस्तूंना पैसा लागतो. तो कुठून आला, हे आपल्या भागातल्या वाचकाने विचारलेच पाहिजे. टाटा घराण्याच्या उद्योगाचा पहिला भक्कम पाया मुंबईत नव्हे, नागपुरात घातला गेला. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. भोवती वऱ्हाड-नागपूरचा कापूस, दाराशी रेल्वे, आणि हाताशी स्वस्त मजूर. हे मजूर कोण होते? आपल्याकडे महार समाज पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणत आला होता, आणि पवनीचे कोष्टी रेशीमकाठी तलम कापडासाठी नावाजलेले होते. गिरणीच्या सुताने आणि कापडाने हा हातमागाचा धंदा मोडत गेला. ज्यांचा माग बंद पडला त्यांतलेच अनेक जण पुढे नागपूरच्या गिरण्यांत कामाला लागले. पुढच्या काळात याच गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून समता सैनिक दल उभे राहिले, आणि 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी राबणारे हातही याच वस्त्यांतले होते. एम्प्रेस मिलने कामगारांसाठी निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई या गोष्टी इतरांच्या पुष्कळ आधी सुरू केल्या, हे मान्य करायला हवे. पण सर रतन यांच्या कपाटातल्या प्रत्येक बशीमागे विदर्भातल्या मागांचा खडखडाट आहे, हेही तितकेच खरे.

दुसरा पैसा चीनच्या व्यापाराचा. मुंबईच्या पारशी पेढ्यांप्रमाणे टाटांच्या जुन्या पेढीचाही हाँगकाँग आणि शांघायशी व्यवहार होता, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. चिनी माणसाला अफू विकून मिळालेल्या पैशांतून मुंबईच्या कितीतरी हवेल्या चिनी फुलदाण्यांनी सजल्या. जपानशी नाते त्यामानाने स्वच्छ होते. मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांना स्वस्तात पोचावा म्हणून जमशेटजी 1893 मध्ये स्वतः जपानला गेले आणि इंग्रजी जहाज कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध जपानी कंपनीशी करार करून आले. पूर्वेकडचे रेशीम, मोती, तांदूळ यांचा धंदा घरात होताच. तेव्हा रतनच्या नजरेला पूर्वेच्या वस्तू लहानपणापासून पडत होत्या, यात नवल नाही.

आता बौद्ध वाचकाने नीट लक्ष द्यावे अशी गोष्ट. हा माणूस खरेदी करत होता त्या काळात एवढ्या वस्तू बाजारात आल्याच कशा? जपानमध्ये 1868 च्या सत्तांतरानंतर नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. त्याच्या आडून विहारांवर हल्ले झाले, मूर्ती फोडल्या गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या, भिक्खूंना चीवर उतरवायला लावले गेले. उपाशी पडलेल्या विहारांनी शेकडो वर्षांच्या मूर्ती, चित्रे, लाखेच्या पेट्या मिळेल त्या भावाने विकल्या. युरोप-अमेरिकेचे व्यापारी टपलेलेच होते. चीनमध्ये 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी सम्राटाचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला. 1900 च्या बॉक्सर बंडानंतर पेकिंग पुन्हा लुटले गेले, आणि तेव्हाच्या परकीय फौजांत आपले हिंदी शिपाईही होते. 1911 मध्ये राजघराणेच कोसळले. म्हणजे लंडन-पॅरिसच्या दुकानांत चिनी-जपानी वस्तूंचे ढीग लागले त्याला दोन मोठ्या बौद्ध देशांची पडझड कारण होती. सर रतन लुटारू नव्हते. ते दुकानात पैसे मोजून वस्तू घेणारे गिऱ्हाईक होते. पण बाजार असा होता.

त्यांनी घेतले काय, तर चिनी मातीची भांडी, यशब या हिरवट कठीण दगडाच्या कोरीव वस्तू, तपकिरीच्या कुप्या, जपानी हस्तिदंती कोरीवकाम, लाखकाम, धातूवरचे मीनाकाम. युरोपातली चित्रेही त्यांनी पुष्कळ घेतली, पण तो वेगळा विषय.

चिनी माती हा शब्द आपल्या घरात लोणच्याच्या बरणीमुळे आला. खरी चिनी माती म्हणजे गाओलिंग डोंगराची पांढरी माती आणि दळलेला दगड यांचे मिश्रण, सुमारे 1300 अंश उष्णतेत भाजलेले. जिंगदेझेन या एका गावात शेकडो वर्षे भट्ट्या पेटत होत्या. एक भांडे कितीतरी हातांतून जायचे: मळणारा वेगळा, चाकावर धरणारा वेगळा, निळी रेघ ओढणारा वेगळा आणि आत रंग भरणारा आणखी वेगळा. ती प्रसिद्ध निळाई कोबाल्टची, आणि सुरुवातीला तो कोबाल्ट इराणहून यायचा. आपल्या कुंभारवाड्यातली कामाची वाटणी आठवावी. फरक एवढाच की जिंगदेझेनच्या कारागिराचे भांडे बादशहाच्या ताटात जायचे, आणि त्या कारागिराचे नाव मात्र कुठेच नसायचे.

तपकिरीची कुपी अंगठ्याएवढी. काही कुप्यांना आतून चित्र काढलेले असते. बांबूच्या वाकड्या काडीचा कुंचला अरुंद तोंडातून आत घालून, उलट्या बाजूने. जपानी नेत्सुके तर त्याहून मजेशीर. किमोनोला खिसा नसतो, म्हणून बटवा किंवा औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला अडकवायची, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक कोरीव गोळा. त्या गोळ्यावर कासव, उंदीर, कोळी, आणि बऱ्याचदा भिंतीकडे तोंड करून बसलेले बोधिधर्म, ज्यांना जपान दारुमा म्हणतो आणि परंपरा दक्षिण भारतातले मानते. जपानी पुरुष कोट-पँट घालू लागले, खिसे आले, नेत्सुके निरुपयोगी झाले आणि पेट्या भरभरून परदेशी गेले. त्या काळच्या सात्सुमा भांड्यांवर सोन्याच्या रेघांत अर्हतांच्या रांगा काढायची पद्धत होती. भारतात अर्हत हा शब्द जवळपास पुसला गेला होता तेव्हा जपानी कारागीर तो फुलदाणीवर रंगवत होता, आणि विकत घेणारे गिऱ्हाईक त्याकडे नक्षी म्हणून पाहत होते.

सर रतन यांना धम्माची ओढ होती असे आम्ही म्हणणार नाही. ते पारशी म्हणून जगले. 1906 मध्ये त्यांनी लंडनजवळ ट्विकेनहॅम येथे यॉर्क हाऊस नावाचा वाडा घेतला, बागेत संगमरवरी पऱ्यांचे पुतळे बसवले, आणि तिथल्या उमरावांसारखे राहिले. पण याच वर्षांत त्यांनी दिलेल्या देणग्या पाहिल्या तर माणूस निव्वळ शौकीन वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी मजुरांच्या लढ्यासाठी 1909 पासून त्यांनी गांधींना एकूण सव्वा लाख रुपये पाठवले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दहा वर्षे दरसाल दहा हजार दिले. 1912 मध्ये लंडन विद्यापीठाला दरसाल 1,400 पौंड देऊ केले, तेही एकाच विषयासाठी: गरिबीची कारणे शोधा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली, आर. एच. टॉनी तिचे पहिले संचालक झाले, आणि साखळ्या बनवणाऱ्या व शिवणकाम करणाऱ्या कामगारांच्या किमान मजुरीवर त्यांनी अभ्यास छापले. 1916 मध्ये बाबासाहेब ज्या लंडन स्कूलमध्ये दाखल झाले ते हेच. नागपूरच्या गिरणीचा पैसा लंडनमध्ये गरिबीचा अभ्यास करत होता, आणि ज्या समाजाने ती गिरणी चालवली त्याचा नेता त्याच इमारतीत अर्थशास्त्र शिकत होता. जातीमुळे येणाऱ्या गरिबीवर त्या देणगीतून अभ्यास झाला असता तर, असे आमच्या मनात येऊन जाते.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोठे काम पाटण्याचे. सम्राट अशोकाची राजधानी पाटलीपुत्र, जिथे परंपरेप्रमाणे तिसरी धम्मसंगीती झाली, ते नगर आजच्या पाटण्याखाली गाडलेले. पुरातत्त्व खात्याकडे पैसा नव्हता. सर रतन यांनी दरसाल वीस हजार रुपये देऊ केले. 1913 च्या जानेवारीत कुम्हरार येथे डी. बी. स्पूनर यांनी खोदकाम सुरू केले. हेच स्पूनर त्याआधी पेशावरजवळ कनिष्काच्या स्तूपातून धातुकरंडक बाहेर काढून प्रसिद्ध झाले होते. कुम्हरारला जमीन पाणथळ, खड्ड्यात सारखे पाणी यायचे. तरी राखेच्या आणि दगडी तुकड्यांच्या ओळी सापडू लागल्या. ओळी मोजल्या तेव्हा कळले की इथे चकचकीत दगडी खांबांचा प्रचंड मंडप होता. स्पूनर यांना 72 खांबांच्या जागा सापडल्या. स्वातंत्र्यानंतरच्या खोदकामात आणखी आठ मिळून संख्या 80 झाली. टाटांचे एकूण सुमारे 75 हजार रुपये या कामी लागले.

इथे एक गमतीची, थोडी चिडवणारीही गोष्ट. स्पूनर यांना त्या मंडपात इराणच्या पर्सेपोलिसची छाया दिसली. तिथवर ठीक होते. पण 1915 मध्ये त्यांनी लेख लिहून मौर्य घराणे आणि खुद्द तथागतांचे कुळही इराणी ठरवून टाकले. विद्वानांनी तो सिद्धान्त लगेच खोडून काढला. पारशी दात्याच्या पैशावर खोदताना पारशी निष्कर्ष निघावा, हा योगायोग लोकांच्या नजरेतून सुटला नाही. पैसा देणाऱ्याचा रंग संशोधनावर कसा चढू शकतो याचे हे जुने उदाहरण आहे. आज आपल्या लेण्यांवर आणि स्तूपांवर कोण खर्च करतो आणि फलकावर काय लिहितो, हे पाहताना ते आठवावे.

1916 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी आजारपणासाठी ते इंग्लंडला गेले ते परतलेच नाहीत. 5 सप्टेंबर 1918 रोजी कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हज येथे त्यांचे निधन झाले. वय 47. लंडनजवळ ब्रुकवुड येथे वडिलांशेजारी त्यांना पुरले. मूलबाळ नव्हते. 1919 मध्ये त्यांच्या इस्टेटीतून 80 लाख रुपयांचा न्यास उभा राहिला. नवाजबाईंनी पुढे अनाथालयातून ज्या मुलाला दत्तक घेतले ते नवल टाटा, म्हणजे 2024 मध्ये वारलेल्या रतन टाटांचे वडील.

आणि संग्रह? तो त्यांनी मुंबईच्या संग्रहालयाला दिला. या इमारतीचा पाया 1905 मध्ये घातला होता, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय भरले आणि लोकांसाठी दारे उघडायला 1922 उजाडले. त्याच सुमारास सर रतन यांच्या वस्तू तिथे आल्या, आणि 1933 मध्ये दोराबजींचाही संग्रह आला. यॉर्क हाऊसच्या दिवाणखान्यात ज्या मोजक्या पाहुण्यांना दिसायच्या त्या वस्तू आता तिकीट काढणाऱ्या कुणालाही दिसतात, भंडाऱ्याहून आलेल्या पोरालाही. हा बदल लहान नाही. लुटीच्या आणि पडझडीच्या बाजारातून निघालेली वस्तू खासगी कपाटात कायमची अडकण्यापेक्षा सार्वजनिक झाली, हे आम्ही त्यांच्या पुण्याच्या बाजूला लिहितो. पण नाव लिहिले गेले ते देणाऱ्याचे. जिंगदेझेनच्या भट्टीवाल्याचे नाही आणि एम्प्रेस मिलच्या मागावाल्याचेही नाही.

या जागी आम्हाला पवनी आठवते. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने मिळून खोदकाम केले तेव्हा स्तूपाच्या वेदिकेचे दगड निघाले. एकावर रिकाम्या आसनामागे फणा उभारलेला नागराज मुचलिंद आहे, ब्राह्मी अक्षरांत नावासकट. बाकीच्या स्तंभांवर आणि सूचींवर दान देणाऱ्यांची नावे आहेत: भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवा दगड. सगळा स्तूप एका माणसाच्या नावावर नाही.

पवनीपासून जवळच रुयाड-सिंदपुरीला जपानी बौद्ध उपासकांच्या मदतीने महासमाधी भूमीचा स्तूप उभा आहे. ज्या जपानमध्ये दीडशे वर्षांपूर्वी विहारांचे सामान भंगाराच्या भावाने विकले गेले, त्याच देशातल्या माणसांनी आपल्या जिल्ह्यात येऊन दान दिले. फेब्रुवारीत तिथल्या महोत्सवाला आपण जातोच. त्या गर्दीत जपानी पाहुणे दिसले तर त्यांच्या हातातली जपमाळ आणि अंगावरचे वस्त्र नीट पाहून ठेवा. मग पुढच्या 6 डिसेंबरला, परतीच्या गाडीला चार तास असतील तर, मुंबईच्या त्या दालनात पुन्हा एकदा सावकाश फिरा.