नव्या कवींचा पाठीराखा : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी ख्रिस्ती मंडळी देशात कोठेही जमो, मुंबईत जमो की दूर परप्रांतात, तिच्या उपासनेत रेव्हरंड टिळकांचे एखादे गीत बहुधा असतेच. गीतकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. फुलामुलांचे कवी म्हणून साऱ्या महाराष्ट्राने त्यांना गौरविले आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. कवींच्या मेळाव्यात भेटलेल्या एका मुलाला त्यांनी आपल्या घरात आणले, पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळले आणि मराठीला एक थोर कवी मिळू दिला. आज गावोगावी साहित्यमेळावे भरतात, कविसंमेलने होतात, नवोदितांसाठी लेखन-कार्यशाळा घेतल्या जातात. अशा मेळाव्यांचे फळ कोठे शोधावे, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी टिळकांचे चरित्र या दृष्टीने एकवार अवश्य पाहावे.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई प्रेमळ व भाविक, वडील कडक स्वभावाचे. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि घराशी असलेला जिव्हाळ्याचा धागाही तुटला. कोवळ्या वयात घर सोडून हा मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाच्या चरणांशी बसून त्याने संस्कृत काव्याचे शिक्षण घेतले. शालेय शिक्षण मात्र दारिद्र्यामुळे अपुरेच राहिले. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याला आपले म्हणावे असे घर नव्हते, त्याला एका गुरूने जवळ केले होते. पुढे टिळकांनी जे केले त्याचे बीज कदाचित येथेच रुजले असावे.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मीबाईंना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीकडूनच. टिळकांचा स्वभाव फिरता, मन उदार आणि व्यवहार शून्य. हातात आलेला पैसा गरजवंताच्या हाती जाई आणि संसाराचा गाडा ओढण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे उरे. नोकरीनिमित्त त्यांनी अनेक गावे पाहिली. नागपूरला असताना अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. नागपुरातच त्यांचा परिचय कृष्णाजी केशव दामले या तरुणाशी झाला. हाच तरुण पुढे केशवसुत या नावाने आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक ठरला.

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती प्रथम जिज्ञासेने आणि मग तहानेल्याप्रमाणे वाचली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत किती होती, याची कल्पना आज आपल्याला येणे कठीण आहे. जात गेली, आप्त दुरावले, मित्रांनी पाठ फिरविली. पत्नी व लहानगा दत्तू यांचा वियोग सोसावा लागला. पाच वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाईंनीही विचारपूर्वक प्रभूचा स्वीकार केला. तोवर अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यामुळे टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, स्थिरावले होते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अध्यापन, उपदेश, कीर्तन आणि काव्यलेखन असा त्यांचा चौफेर उद्योग तेथे चालू राहिला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. समाजाने ज्याला बाहेर काढले, त्या कवीने काय करावे? रागावून आपल्याच कुंपणात बसावे, की जी भाषा आपली आहे तिच्या अंगणात हक्काने जाऊन उभे राहावे? टिळकांनी दुसरा मार्ग पत्करला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मराठी सोडली नाही, ज्ञानोबा-तुकोबांचा वारसा सोडला नाही आणि मराठी कवींशी असलेले नातेही तुटू दिले नाही. त्यांची कविता मराठी नियतकालिकांतून येतच राहिली आणि रसिक ती आवडीने वाचीत राहिले.

त्या काळी लेखकांचे मेळावे ही नवी गोष्ट होती. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरले. दुसरे १८८५ साली झाले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी तेथे येण्यास नकार दिला. ज्या सभेत बहुजनांच्या सुखदुःखाला जागा नाही तिच्यात आपण मिसळणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. ते पत्र 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. वाचकहो, सभा भरविणे सोपे असते. तिच्यात कोणाला जागा मिळते, हा कठीण प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. त्याच 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन पुढे टिळकांकडे यावे, हा योगही विचार करण्याजोगा आहे.

कवींचे म्हणाल, तर त्यांना एकत्र बांधणारा धागा खानदेशात जळगावला होता. तेथून नारायण नरसिंह फडणीस हे गृहस्थ १८८७ पासून केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक काढीत होते. दूरदूरच्या गावी एकेकटे लिहिणारे कवी या मासिकाच्या पानांतून एकमेकांना ओळखू लागले. केशवसुतांसारख्यांची कविता तेथे छापली गेली. परंतु पानांवरची ओळख वेगळी आणि समोरासमोर बसून कविता ऐकणे वेगळे. केशवसुत १९०५ साली हुबळीस निवर्तले, त्यांना असा मेळावा पाहावयास मिळाला नाही.

दोन वर्षांनी, १९०७ साली, जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी होते कर्नल डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने वैद्यक, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वृत्तीने काव्यरसिक असे हे गृहस्थ. त्या मेळाव्यात रेव्हरंड टिळक एक प्रतिष्ठित कवी म्हणून होते. बाप्तिस्म्यास अवघी बारा वर्षे झाली होती. ज्याच्याशी आप्तांनी संबंध तोडले होते, तो ख्रिस्ती पाळक मराठी कवींच्या पंक्तीला मानाने बसला होता. ही जागा त्याला कोणी दयेने दिलेली नव्हती. ती त्याच्या कवितेने मिळविली होती.

याच संमेलनात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव. १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावला जन्मलेला, खानदेशातल्याच लहान लहान गावांतून वाढलेला, नावलौकिक नाही, शिक्षणही धड पुरे झालेले नाही. त्याने आपली कविता म्हटली आणि थोरामोठ्यांची सभा स्तब्ध झाली. अध्यक्षांनी त्याला बालकवी म्हणून गौरविले. त्या दिवसापासून मराठी वाङ्मयात तो याच नावाने ओळखला जातो.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही यशस्वी संमेलनाची म्हणता येईल. टाळ्या पडल्या, पदवी मिळाली, मंडप उतरला, पाहुणे गाडीत बसले. अशा कितीतरी मुलांना मेळाव्यात शाबासकी मिळते आणि दुसऱ्या दिवशी ती आपापल्या गावी परतून पुन्हा एकटी पडतात. पोटाची भ्रांत असते, वाचावयास पुस्तके नसतात, लिहिलेले दाखवावे असे माणूस नसते. वर्षा-दोन वर्षांत लेखणी सुकते. टिळकांनी हा धोका ओळखला. त्यांनी त्या मुलाला आपल्या अहमदनगरच्या घरी आणले.

या घरी ठोमऱ्यांना काय मिळाले? राहावयास जागा आणि जेवावयास दोन घास तर मिळालेच. त्याहून मोलाचे म्हणजे कवितेच्या सहवासात उठणे-बसणे मिळाले. टिळक रचीत असलेली कविता कानांवर पडे, आपली रचना त्यांना ऐकविता येई, बरे-वाईट ऐकून घेता येई. दत्तूचे सख्य आणि लक्ष्मीबाईंची माया लाभली. हा मुलगा मनाने हळवा, लहरी, कधी हसतमुख तर कधी उदास असे. त्याला सांभाळणे सोपे नव्हते. टिळकांना घरात माणसे आणण्याची हौस आणि त्या माणसांचे दोन वेळचे पाहणे लक्ष्मीबाईंकडे. त्यांनी ते आईच्या अधिकाराने रागावून आणि आईच्याच मायेने केले. आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी ठोमऱ्यांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना डोळे ओलावतात. आज ज्याला आपण कार्यशाळा म्हणतो ती या घरात होती. तिला फलक नव्हता, वेळापत्रक नव्हते आणि शुल्कही नव्हते.

आणखी एक गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. ठोमरे ब्राह्मण कुटुंबातले होते. ख्रिस्ती पाळकाच्या घरी ब्राह्मणाच्या मुलाने राहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ठोमरे त्या घरात राहिले, जेवले, वाढले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांची प्रभूवरील निष्ठा किती ज्वलंत होती हे त्यांची अभंगरचना सांगते. तरीही त्यांनी आपल्या मायेवर कसलीही अट घातली नाही. दिलेल्या भाकरीची पावती मागितली नाही. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा कोणाला त्याचे मत विचारले नव्हते, हे टिळक विसरले नाहीत.

पुढच्या दहा वर्षांत बालकवींच्या लेखणीतून उतरलेली निसर्गकविता मराठीचे कायमचे धन झाली. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. टिळक दाम्पत्याच्या घरचेच माणूस गेले.

टिळकांचे स्वतःचे कार्यही अखंड चालू होते. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकासाठी त्यांनी लेखणी झिजविली. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. १९०९ साली त्यांनी प्रभूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. ही बंधुमंडळी वाढीस लागण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला.

परंतु त्या घरातील कार्यशाळा त्यांच्याबरोबर संपली नाही. जिला त्यांनी मुळाक्षरे शिकविली होती, तिने त्यांची लेखणी उचलली. 'ख्रिस्तायन'चे पहिले काही अध्याय टिळकांचे आहेत. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. जी कधी शाळेत गेली नाही ती साहित्यिकांच्या सभेत अध्यक्षस्थानी बसली. १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि मराठी आत्मचरित्रात या ग्रंथाला अढळ स्थान मिळाले. जळगावच्या मेळाव्यातील एक मुलगा आणि घरातील एक निरक्षर मुलगी, दोघांनाही टिळकांच्या सहवासाने कागद-लेखणी दिली.

प्रिय वाचक, आपण महाराष्ट्रात असाल किंवा नोकरी-व्यवसायानिमित्त दूरच्या प्रांतात असाल. आपल्या मंडळीत नाताळानिमित्त कविता वाचल्या जातात, तरुण संघात कोणी नाटुकले लिहिते, एखादी भगिनी वहीच्या पाठच्या पानावर गीत रचून ठेवते. परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलाबाळांना मराठीत लिहावेसे वाटले तर ते कोणाला दाखवावे, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. आपण मेळावा जरूर भरवा, अध्यक्ष बोलवा, हार घाला, टाळ्या वाजवा. जळगावला तो मेळावा भरला नसता तर ठोमऱ्यांना कोणी ऐकलेच नसते. परंतु मंडप उतरल्यावर सभेकडे एकवार वळून पाहा. कोपऱ्यात वही छातीशी धरून कोणी संकोचाने उभे असेल. त्याचे गाव, त्याची जात, त्याचा पंथ विचारू नका. त्याला घरी जेवायला बोलवा आणि वही उघडायला सांगा. आपण टिळकांची गीते गातो. त्यांच्या घराचे दार जसे उघडे होते तसे आपलेही ठेवणे, हेच त्यांचे उचित स्मारक ठरेल.